ड्यूटी फाइंडर: पार्टी मिळते, ओळख आपली आपण करायची

‘फायनल फँटसी १४’ हा ऑनलाइन गेम कसा आहे असं कुणालाही विचारा, आधी कथा सांगतील, मग संगीत, मग मांजराच्या कानांची पात्रं. माझा प्रश्न वेगळा होता. मी नाशिकला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी साडेसहाला उपाशीपोटी आलेल्यांची रांग लागलेली असते, त्यामुळे जागरण परवडत नाही. रात्री ओटा आवरून झाला की साडेदहा ते बारा एवढाच वेळ माझा. त्या दीड तासात पार्टी (सोबत लढणारा चमू) जमणार का, डंजन (शत्रूंनी भरलेली गुहेसारखी जागा) पुरतं होणार का, आणि झालंच तर कुणाशी धड दोन शब्द बोलणं होणार का? हा रिव्ह्यू तेवढ्यापुरता, म्हणजे गेममधल्या ड्यूटी फाइंडर नावाच्या सोयीचा आहे.

ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये काही जागा एकट्याने सर होत नाहीत. इथे साध्या डंजनला चौघं लागतात: मार अंगावर घेणारा एक टँक, सगळ्यांना जिवंत ठेवणारा एक हीलर आणि ठोकणारे दोन डीपीएस. मोठ्या बॉससाठी आठ जण, आणि अलायन्स रेड नावाच्या मोठ्या मोहिमेला आठ-आठच्या तीन तुकड्या. ही माणसं आणायची कुठून, हा या गेम्सचा सगळ्यात जुना प्रश्न. पूर्वी उत्तर एकच होतं, चॅटमध्ये ओरडत बसायचं. ड्यूटी फाइंडरमध्ये तुम्ही डंजन निवडून बटण दाबता आणि आपल्या उद्योगाला लागता. सर्व्हर बाकीचे तिघं शोधून आणतो. घंटी वाजली की पंचेचाळीस सेकंदांत होकार द्यायचा (गॅसवर काही असेल तर आधी बंद करून ठेवा), की चौघंही थेट डंजनच्या आत.

२०१० साली हा गेम पहिल्यांदा आला तेव्हा असा काही आपटला, की तो बनवणाऱ्या स्क्वेअर एनिक्स कंपनीने तो निर्माते नाओकी योशिदांच्या हाती देऊन पायापासून बांधून घेतला आणि २७ ऑगस्ट २०१३ ला ‘अ रेल्म रीबॉर्न’ या नावाने पुन्हा बाजारात आणला. ड्यूटी फाइंडर या नव्या बांधणीच्या पायातच आहे. त्याला कारणही आहे. मुख्य कथा पुढे न्यायची तर वाटेतली डंजनं करावीच लागतात, टाळता येत नाहीत. मग कथेसाठी आलेल्या माणसाला पार्टीअभावी अडकवून कसं चालेल?

आता आपल्याकडच्या माणसाला पहिली अडचण येते ती घड्याळाची. भारतात याचा सर्व्हर नाही. जपान, उत्तर अमेरिका, युरोप आणि ओशनिया यांतून एक डेटा सेंटर निवडायचं असतं. माझा भाचा म्हणाला, “मावशी, तू टॉनबेरी घे. सर्व्हर जपानचा, पण आग्नेय आशियातले इंग्रजी बोलणारे सगळे तिथेच असतात.” संध्याकाळी मोकळ्या होणाऱ्याला ते उत्तम. पण माझे साडेदहा म्हणजे जपानातले रात्रीचे दोन. त्या वेळी यंत्र तरी माणसं कुठून आणणार? म्हणून माझं मुख्य पात्र युरोपात आहे. आपले साडेदहा म्हणजे मध्य युरोपात उन्हाळ्यात संध्याकाळचे सात आणि हिवाळ्यात सहा, माणसं ऑफिसातून येऊन नुकती खेळायला बसलेली. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन यायला लागणारा वेळ, दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास दाखवतो, पण इथल्या बहुतेक फटक्यांत अडीच सेकंदांचं अंतर असतं, त्यामुळे हीलरला तेवढ्याने काही फरक पडत नाही. टॉनबेरीवरही एक पात्र ठेवलंय, रविवार दुपारपुरतं.

दुसरी गोष्ट भूमिकेची. टँक असाल तर बटण दाबायचा अवकाश, घंटी वाजते. हीलरला थोडी कळ काढावी लागते. डीपीएस घेतलात तर चहा करून, पिऊन, कप विसळून होतो. मारायला सगळेच तयार, जबाबदारी घ्यायला कुणी नाही. खेळात तरी वेगळं काय असणार? ज्या भूमिकेचा तुटवडा असेल तिला गेम वरकड बक्षीस देतो, तरी तुटवडा संपत नाही. त्याच खिडकीत भाषेच्या खुणा असतात, जपानी, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच. फक्त इंग्रजीवर खूण ठेवलीत तर शोध आखडतो, सगळ्यांवर केलीत तर पटकन माणसं मिळतात. मी सगळ्यांवर करते. डंजनमध्ये बोलायचं असतं किती?

ड्यूटी फाइंडरची खरी करामत मात्र रूलेटमध्ये आहे, आणि त्यासाठी मी त्याला पैकीच्या पैकी देते. दहा वर्षं चाललेल्या गेममध्ये सगळी जनता वरच्या लेव्हलला जाऊन बसते. सध्या शंभर ही शेवटची लेव्हल आहे. मग आज नव्याने आलेल्याला पंधराव्या लेव्हलचं डंजन कोण करू लागणार? तर रोज एकदा रूलेट खेळलं की घसघशीत अनुभव-गुण मिळतात, पण कुठलं डंजन येईल ते आपल्या हातात नाही. शंभरच्या लेव्हलचा बहाद्दर त्या लोभाने येतो आणि यंत्र त्याला उचलून पहिल्या गुहेत टाकतं. त्याची लेव्हलही तिथल्यापुरती खाली आणतं, कमावलेली शस्त्रं बोथट करतं आणि अर्धी बटणं काढून घेतं. शिवाय पार्टीत कुणी त्या डंजनला पहिल्यांदाच आलं असेल तर पडद्यावर तशी ओळ येते आणि शेवटी सगळ्यांना जादा बक्षीस मिळतं. नवखा म्हणजे डोक्याला ताप, असं वाटण्याऐवजी नवखा दिसला की लोक खूश होतात. माणसं सज्जन आहेत की नाहीत यावर गेमने काही सोडलेलं नाही. सज्जनपणा फायद्यात पडेल अशी सोय केली आहे.

एक प्रसंग सांगते. सस्ताशा हे सगळ्यांचं पहिलं डंजन, समुद्रकाठची चाच्यांची गुहा. आत एक रक्ताळलेली चिठ्ठी सापडते, तिच्यात एका रंगाचा उल्लेख असतो. पुढे लाल, निळं आणि हिरवं अशी तीन प्रवाळं उभी असतात, त्यांतल्या चिठ्ठीतल्या रंगाच्या प्रवाळाला हात लावला तरच पुढे सरकता येतं. रंग दर खेपेला बदलतो, त्यामुळे जुन्या खेळाडूलाही पाठ करून चालत नाही. रविवारी टॉनबेरीवरून क्यू लावला होता. टँक अगदी कोरा, अंगावर सुरुवातीचेच कपडे. दोन्ही डीपीएस जपानी, एकाच्या पाठीवर असा झगमगता भाला की तो मिळवायला कित्येक महिने घातले असणार. टँक चिठ्ठी न बघताच पुढे धावला आणि तिन्ही प्रवाळांसमोर येऊन उभा राहिला. चिठ्ठी आम्ही वाचलेली होती. हात लावायला एक क्लिक पुरे. पण भालेवाला जिथल्या तिथे बसला. दुसरा त्याच्या शेजारी बसला. मग मीही बसले. टँक एका प्रवाळापाशी गेला, परत आला, आमच्याकडे वळून बघितलं. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला असावा, कारण तो मागे पळत गेला, चिठ्ठीपाशी थांबला, आणि धावत येऊन बरोबर हिरव्याला हात लावला. तिघांनी उठून टाळ्या वाजवल्या. चॅटमध्ये एक अक्षर नाही. शेवटी सगळ्यांचं ठरलेलं जपानी ‘दमलात, छान झालं’ आणि प्रत्येक जण आपल्या वाटेने गेला.

त्या टँकचं नाव मला आठवत नाही. तिथूनच माझ्या तक्रारीला सुरुवात होते.

यंत्राने जमवलेल्या पार्टीत माणसं चांगली वागतात, पण ती भेटत नाहीत. आमच्या सीबीएस बसस्टँडवरच्या शेअर रिक्षासारखं आहे: सरकून जागा देतील, सुट्टे काढून देतील, पण उतरल्यावर कोण कुठला, कुणास ठाऊक. सुरुवातीला एक हात हलवणं, शेवटी ‘पार्टीबद्दल आभार’. मध्ये वीस मिनिटं शुकशुकाट. शेवटी एकमेकांना शाबासकी द्यायची सोय आहे, प्रत्येकाला एक मत, आणि सोबत क्यू लावलेल्या मित्राला ते देता येत नाही, अनोळखी माणसालाच द्यावं लागतं. मतं साठतात आणि बक्षिसं मिळतात. चांगली योजना आहे. पण शाबासकी कुणी दिली ते कळतच नाही, मग धन्यवाद तरी कुणाला म्हणायचं?

मी हे बोलू शकते, कारण याआधी मी दुसऱ्या टोकाचा गेम खेळले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ आला, २००४ च्या मूळ गेमची जुनी पद्धत जशीच्या तशी. त्यात पार्टी शोधणारं यंत्र नव्हतं. माझी बुटकी प्रीस्ट हीलर होती, गेममधल्या दोन पक्षांपैकी अलायन्सच्या बाजूची. स्कार्लेट मोनास्टरी या डंजनला जायचं म्हणजे आधी चॅनेलवर चार जण जमवायचे, मग ग्रिफिनवरून साऊथशोअरला उतरायचं, आणि तिथून शत्रूच्या मुलखातून जीव मुठीत धरून, मोनास्टरी जिथे आहे त्या टिरिस्फालपर्यंत चालायचं. दारात मीटिंग स्टोन होता, पण क्लासिकमध्ये त्याने कुणाला बोलावून घेता येत नव्हतं. पार्टीत वॉरलॉक (काळी जादू करणारा) असला तर तो बोलावायचा, तेही आणखी दोघं तिथे पोचून त्याला हात लावतील तेव्हा. म्हणजे तिघांनी चालायलाच हवं. पाचवा माणूस मिळेपर्यंत बाकीचे दाराशी बसून.

आणि बसल्यावर माणसं बोलतात. मेज, म्हणजे जादूगार, सगळ्यांना जादूने केलेलं पाणी वाटायचा, दर वेळी कुणीतरी “चहा नाही का?” म्हणायचं. एकाला बाळ झालेलं, ते झोपेल तेवढाच वेळ त्याच्याकडे. एक पोलंडमध्ये रात्रपाळीच्या गोदामात कामाला. मी रक्ताच्या बाटल्यांवर लेबलं लावते म्हटल्यावर त्याने मला त्याचे कोलेस्टेरॉलचे आकडे सांगितले! त्यातल्या तिघांशी पुढे रोजचं जमलं. यात गेमने विशेष काही केलं नव्हतं. त्याने फक्त आम्हाला एका जागी ताटकळत ठेवलं होतं.

यंत्राने वाट बघणं संपवलं असं म्हणतात, ते मला पटत नाही. डीपीएसला आजही थांबावं लागतं. फरक इतकाच की आता जो तो आपापल्या जागी थांबतो, आपापलं काहीतरी करत. कुणी मासे पकडतंय, कुणी चिलखत शिवतंय, मी कूकरची शिट्टी मोजतेय. चौघं एकमेकांना पहिल्यांदा दिसतात तेव्हा घाई सुरू झालेली असते. ओळख वाट बघण्यातून होत होती, मारामारीतून नाही, आणि नेमका तोच भाग एकेकट्याच्या वाट्याला गेला.

डंजनच्या नकाशावरही याचा परिणाम दिसतो. क्लासिकमधलं ब्लॅकरॉक डेप्थ्स म्हणजे अख्खं पाताळनगर: तुरुंग, आखाडा, दारूचा गुत्ता, सम्राटाचा दरबार, आणि काही दारांना किल्ली लागते. एका बैठकीत सगळं होत नाही, म्हणून निघण्यापूर्वीच ठरवावं लागतं की आज कुणाचं काय अडलंय. ते ठरवताना वाद होतात, सौदे होतात, ‘आज तुझं, उद्या माझं’ होतं. चार मुके अनोळखी लोक असलं डंजन करूच शकणार नाहीत. म्हणून ‘फायनल फँटसी’ची अलीकडची डंजनं सरळ बोळासारखी आहेत. दोन टोळ्या, मग अडसर, पुन्हा दोन टोळ्या, मग बॉस. असे तीन बॉस झाले की बाहेर. दिसायला देखणी, पण वाट कुठली धरायची हा प्रश्नच नाही, मग बोलायचं निमित्तही नाही.

जुन्या पद्धतीचे गोडवे गाणाऱ्यांनाही थोडं ऐकवायला हवं. वॉरक्राफ्टच्या मूळ गेममध्ये ८ डिसेंबर २००९ च्या ३.३ पॅचमध्ये (सुधारित आवृत्तीत) वेगवेगळ्या सर्व्हरची माणसं एकत्र आणणारा डंजन फाइंडर आला, आणि ‘गेमची वस्ती त्यानेच मोडली’ असं जुने खेळाडू आजही म्हणतात. मुद्दा चुकीचा नाही. सर्व्हर एकच असताना माल लाटून पळणाऱ्याचं नाव होत असे, पुढच्या वेळी त्याला कुणी घेत नसे. दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला कसली लाज? २०२२ मध्ये त्याच काळातला ‘रॅथ ऑफ द लिच किंग’ हा विस्तार क्लासिक म्हणून परत आणताना वॉरक्राफ्टवाल्या ब्लिझार्ड कंपनीने फाइंडर मुद्दाम वगळला, माणसांचं माणसांशी नातं राहावं म्हणून. २०२३ मध्ये तो आणावा लागलाच. कारण यंत्र काढलं म्हणून मैत्री आपोआप उगवत नाही. क्लासिकमध्ये ‘बूस्ट’चा धंदा जोरात होता. साठ लेव्हलचा मेज एकटाच अख्ख्या मोनास्टरीतले शत्रू गोळा करून बर्फात गारद करणार, आणि चार जण त्याला सोनं देऊन कोपऱ्यात उभे राहून लेव्हल वाढवणार. ते चौघंही एकमेकांशी बोलत नव्हते. आणि माझ्यासारखीला पार्टी जमेपर्यंत साडेअकरा वाजत. मग मोनास्टरीच्या दारातून परत फिरायचं, कारण सकाळी साडेसहा कुणासाठी थांबत नाहीत.

यंत्र वाईट कसं होतं तेही पाहिलंय, एका तिसऱ्याच गेममध्ये, त्याचं नाव घेत नाही. तिथे नवख्याला सांभाळण्यात कुणाचा काडीचा फायदा नव्हता. मी कथेचा प्रसंग बघत होते तेवढ्यात तिघांनी मत टाकून मला बाहेर काढलं, आणि वर पुन्हा क्यू लावायला बंदी माझ्यावरच. ड्यूटी फाइंडरमध्येही मत टाकून काढता येतं, आणि मध्येच सोडून जाणाऱ्याला अर्धा तास क्यू लावता येत नाही. पण नवख्यामागे बक्षीस बांधलेलं असल्याने त्याला काढून टाकण्यात तोटा असतो. दोन्हीकडे यंत्रच जोड्या लावतं, तरी वागणं असं जमीन-अस्मानाचं.

ज्यांना अनोळखी माणसंच नकोत त्यांच्यासाठी एप्रिल २०२२ च्या ६.१ पॅचपासून ड्यूटी सपोर्ट आहे. कथेतली पात्रंच पार्टीला येतात, संगणकाने चालवलेली. वॉरक्राफ्टनेही जानेवारी २०२४ मध्ये तसंच काहीसं आणलं. ड्यूटी सपोर्टवर मी पुष्कळ टीका ऐकली आहे आणि मला ती मान्य नाही. घाबरणाऱ्या माणसाला टँकची सवय करायला याहून बरी जागा नाही. माझ्या नणंदेने पहिली डंजनं अशीच केली आणि मग माणसांत आली.

घ्यायचा विचार असेल तर एक बारीक अक्षरातली गोष्ट सांगून ठेवते. याची फुकट ट्रायल उदार आहे: मुदतीची अट नाही, सत्तराव्या लेव्हलपर्यंत, पहिले दोन विस्तार धरून. त्या दोन विस्तारांतला ‘हेवन्सवर्ड’ एवढा मोठा आहे की वर्ष सहज निघतं. पण मी ट्रायलवर होते तेव्हा स्वतःची पार्टी काढता येत नव्हती, फ्री कंपनी नावाच्या खेळाडूंच्या कायमच्या गटात शिरता येत नव्हतं, आणि कुणाला आपण होऊन खासगी निरोपही धाडता येत नव्हता. डंजनसाठी ड्यूटी फाइंडर वापरा, असं अधिकृत उत्तर. बनावट खाती आणि सोनं विकणारे आवरायला हे करावं लागतं, ते समजतं. परिणाम मात्र असा की फुकटात मिळतो तो नेमका बिनओळखीचा अर्धा गेम, आणि तो चाखून लोक ठरवतात की इथे कुणी बोलत नाही.

बोलतात. पैसे भरल्यावर पार्टी फाइंडर उघडतं, त्यात माणूस स्वतः लिहितो की मला काय करायचंय आणि कसे लोक हवेत. मी तिथे ‘हळू चालणार, कथेचे प्रसंग बघणार, बारापर्यंतच’ असं लिहिते. भरायला वेळ लागतो, पण जे येतात ते वाचून आलेले असतात. त्यातून जमलेले चौघं आता मंगळवारी आणि शुक्रवारी ठरवून खेळतो, आणि उरलेले दिवस मी रूलेट लावून तासाभरात मोकळी होते. दोन्ही एकाच गेममध्ये मिळतं म्हणून मी क्लासिक सोडून इथे आहे.

तेव्हा ट्रायल जेवढी ताणता येईल तेवढी ताणा, हीलर किंवा टँक घ्या, भाषेच्या चारही खुणा करा. आणि सोबतीने खेळायला कुणी ठरलेलं असेल तरच पैसे भरायची घाई करा, कारण एकदा खातं पूर्ण आवृत्तीवर गेलं की ते परत ट्रायलवर येत नाही.